'कन्फाइन्ड टू रूम': नाईट शिफ्टच्या एका नोटवरून झालेलं प्रकरण

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून आलेल्या किंवा यायच्या तयारीत असलेल्यांसाठी हे लिहितेय. ओईटीत बी आणि रायटिंगला सी प्लस आला, किंवा आयईएलटीएसला सात आणि रायटिंगला साडेसहा, की आपल्याला वाटतं इंग्रजीचं काम संपलं, आता ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, द्यायची आणि पिन, म्हणजे नर्सचा नोंदणी क्रमांक, घ्यायचा. पण माणसाला अडवणं, थांबवणं, खोलीत ठेवणं, दार लावणं यासाठी इंग्रजीत जे दहा-बारा शब्द आहेत ते इथे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण त्यातल्या बऱ्याच शब्दांमागे एकेक कायदा उभा आहे, आणि हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवलाय.

पार्श्वभूमी

मिडलँड्समधलं एक नर्सिंग होम, चाळीसेक बेड, निम्म्याहून जास्त रेसिडेंट्सना डिमेन्शिया. मेघना सांगली जिल्ह्यातली, पुण्यात आयसीयूत पाच-सहा वर्षं काढलेली, इकडे येऊन वर्षही झालेलं नव्हतं, पण कामाला एक नंबर. मी त्याच ग्रुपच्या दुसऱ्या होममध्ये क्लिनिकल लीड होते आणि बाहेरून आलेल्या नव्या नर्सेसकडे बघायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

मिस्टर डी ऐंशीच्या पुढचे, अल्झायमर्स, पण पाय ठणठणीत. दिवसभर कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, वाटेत प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबायचे आणि पुढे निघायचे. होमच्या मुख्य दाराला कीपॅड, त्याचा नंबर त्यांच्या लक्षात राहण्यातला नाही, म्हणजे ते आपले आपण बाहेर पडू शकत नाहीत आणि चोवीस तास कुणाच्या तरी नजरेखाली आहेत. मार्च २०१४ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने चेशायर वेस्टच्या निकालात नेमकी हीच कसोटी घालून दिली: सतत देखरेख आणि नियंत्रण आहे का, आणि माणूस निघून जायला मोकळा आहे का. जागा किती छान आहे, माणूस कुरकुर करतो की नाही, यानं काही फरक पडत नाही. लेडी हेल यांनी त्यात म्हटलंय की पिंजरा सोन्याचा असला तरी तो पिंजराच. म्हणून अशा रेसिडेंटसाठी कौन्सिलकडून परवानगी घ्यावी लागते, तिला सगळे डोल्स म्हणतात, म्हणजे डिप्रायव्हेशन ऑफ लिबर्टी सेफगार्ड्स. २००९ पासून ही पद्धत चालू आहे, परवानगी एका वेळी जास्तीत जास्त १२ महिन्यांची. मिस्टर डींची डोल्स मंजूर होती, आणि तब्येतीच्या निर्णयांची पॉवर ऑफ ॲटर्नी त्यांच्या मुलीकडे होती.

तर हिवाळ्यात होममध्ये नोरोव्हायरस शिरला. उलट्या, जुलाब, एकामागून एक खोली. नियम असा की शेवटचा त्रास थांबल्यापासून ४८ तास रेसिडेंटने आपल्या खोलीत राहायचं, हात साबणाने धुवायचे कारण जेलचा या व्हायरसवर फारसा उपयोग नाही, आणि दोन किंवा जास्त केसेस दिसल्या की हेल्थ प्रोटेक्शन टीमला कळवायचं. हे सगळं झालं होतं. मिस्टर डींना एक दिवस उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जेवले आणि पहाटे चारला उठून पायजम्यावर कोट चढवून दारात उभे. ४८ तास अजून व्हायचे होते.

अडचण

त्या रात्री मेघना फ्लोअरची एकटी नर्स होती. सकाळी तिने सिस्टिममध्ये लिहिलेली नोट मराठी अक्षरात देते: 'रेसिडेंट कन्फाइन्ड टू रूम ड्यू टू इन्फेक्शन. रिस्ट्रेन्ड फ्रॉम कमिंग आउट थ्री टाइम्स. डोअर क्लोज्ड. केप्ट अंडर ऑब्झर्वेशन टू प्रोटेक्ट अदर रेसिडेंट्स.'

दोन दिवसांनी मुलगी आली, वडील जरा खचलेले वाटले म्हणून तिने नोट्स बघायला मागितल्या, तो तिचा हक्कच होता, आणि हे वाचून ती तिथल्या खुर्चीतच बसली. संध्याकाळपर्यंत तिचा फोन कौन्सिलच्या सेफगार्डिंग टीमला, म्हणजे छळाच्या आणि हेळसांडीच्या तक्रारी बघणाऱ्यांना, गेला होता. माझ्या वडिलांना कोंडून ठेवलं, तीन वेळा धरून दाबलं, दार लावून घेतलं. त्या चार ओळी इंग्रज माणसाने वाचल्या की त्याच्या डोळ्यांसमोर हेच उभं राहतं, त्यात तिची काही चूक नाही.

मॅनेजरने मला बोलावलं. मी मेघनाला घेऊन बसले, दार लावलं आणि म्हटलं आता मराठीत सांग, नोट बाजूला ठेव, पहाटे चारपासून काय काय झालं.

तर झालं असं. ते दारात आले, केअररने, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनीस बाईने, चहा-बिस्किट देऊन गप्पा मारत परत बसवलं. वीसेक मिनिटांनी पुन्हा आले, पुन्हा तेच, या वेळी टॉवेल घड्या करायला दिले. बाकी खोल्यांत बेल वाजत होत्या, मेघना एका आजींच्या उलटीत अडकलेली, म्हणून केअररने दाराच्या चौकटीत खुर्ची टाकली आणि तिथेच बसली. तिसऱ्या वेळी मिस्टर डींनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती सरकवायला बघितली. केअरर हलली नाही. नॉट नाऊ, लव्ह, म्हणाली. त्यांनी आवाज चढवला, चौकटीवर दोनदा हात आपटला, पाच-सात मिनिटं तिथेच उभे राहिले, मग मागे फिरले. कुणीही त्यांना हात लावला नाही. नंतर शेजारचे जागे होतील म्हणून दार लोटलं, कुलूप नाही, खिट्टी नाही, आतून हँडल खाली दाबलं की उघडणारं आणि आतल्या बाजूला उघडणारं दार, खुर्ची बाहेर. पुढे तासभर त्यांनी ते उघडलं नाही.

"ताई, मी कुठे कोंडलं त्यांना?" मेघना म्हणाली. "आणि रिस्ट्रेन म्हणजे मी फक्त रोखलं या अर्थाने लिहिलं. हात कुठे बांधले कुणी?"

आता हे शब्द तिच्या हाताला का आले ते बघण्यासारखं आहे, कारण ते आपल्या सगळ्यांच्याच हाताला येतात. कन्फाइन हा शब्द ती नर्सिंगला असल्यापासून बघत आलीय, आपल्याकडे जुन्या डॉक्टरांच्या एएनसी पेपरवर, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीच्या कागदावर, ईडीसी लिहिलेलं असायचं, एक्सपेक्टेड डेट ऑफ कन्फाइनमेंट, म्हणजे बाळंतपणाची तारीख, आणि दुसरीकडे कन्फाइन्ड टू बेड, म्हणजे अंथरुणाला खिळलेला. दोन्ही ठिकाणी शब्द दवाखान्यातला, निरुपद्रवी. इथे सामान्य माणसाच्या कानाला कन्फाइन्ड म्हणजे चारी बाजूंनी हद्द घातलेली आणि बाहेर पडायची सोय नाही, तुरुंगातल्या एकांत कोठडीलाही सॉलिटरी कन्फाइनमेंटच म्हणतात.

केप्टचं तर अजूनच गमतीचं. मराठीत आपण म्हणतो आईंना दवाखान्यात ठेवलंय, ऑब्झर्वेशनखाली ठेवलंय, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि त्यात काळजीच असते. इंग्रजीतही केप्ट इन ओव्हरनाईट चालतं, हॉस्पिटलच्या बाबतीत. पण केप्ट इन हिज रूम म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी ठेवलं, कशाच्या जोरावर? डिटेन्डचंही तेच. आपल्याकडे कॉलेजात अटेंडन्स कमी पडली की पोरं सांगतात मला डिटेन केलं, म्हणजे परीक्षेला बसू दिलं नाही. इथे नर्सिंगच्या नोटमध्ये डिटेन्ड म्हणजे बहुतेक वेळा १९८३ च्या मेंटल हेल्थ ॲक्टखाली माणूस अडकवलाय, सेक्शन २ असेल तर २८ दिवसांपर्यंत, सेक्शन ३ असेल तर सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंत. त्याला बोलीत सेक्शन्ड म्हणतात. एका मुलीने जागा पडदा लावून वेगळी केली या अर्थाने पेशंटपुढे सेक्शन्ड ऑफ लिहिलं होतं आणि सकाळच्या नर्सने घाबरून डॉक्टरला फोन लावला होता, ते वेगळं प्रकरण.

पण रिस्ट्रेन्डपाशी मी थांबले, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. मेघनाच्या डोक्यात आयसीयूतलं रिस्ट्रेन होतं, ट्यूब ओढू नये म्हणून मनगटाला गॉज आणि बँडेज बांधून ते कॉटच्या दांडीला, आपल्याकडे हे इतकं रोजचं आहे की कुणी त्याची वेगळी नोंदही करत नाही. (मानसिक आजाराच्या पेशंटपुरता आपल्याकडेही २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट आहे, त्याच्या कलम ९७ मध्ये एकांतात कोंडायला सरळ मनाई आहे आणि बांधायचं तर तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, पण आयसीयूत त्याची आठवण कुणाला असते?) त्या हिशोबाने तिने काहीच केलं नव्हतं, म्हणून तिला तो शब्द जड वाटलाच नाही. इंग्लंडचा कायदा मात्र काय म्हणतो? २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टच्या सेक्शन ६ प्रमाणे बळ वापरणं किंवा वापरायची धमकी देणं हे तर रिस्ट्रेंट आहेच, पण माणसाच्या हालचालीचं स्वातंत्र्य आवळणं हेही रिस्ट्रेंटच, तो विरोध करो वा न करो. म्हणजे हात न लावता चौकटीत टाकलेली खुर्ची हे रिस्ट्रेंट. मुलीने जे वाचलं ते घडलं नव्हतं, मेघनाला जे म्हणायचं होतं ते शब्दात आलं नव्हतं, आणि तरीही कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे तीन वेळांपैकी निदान एका वेळेला शब्द बरोबर होता.

म्हणून सगळे जेव्हा म्हणायला लागले की अरे हा तर भाषेचा घोटाळा आहे, इंटरनॅशनल नर्स आहे, इंग्रजी कच्चं आहे, तेव्हा मला ते पटलं नाही.

त्यात अजून एक गाठ होती, चौथ्या ओळीतली. टू प्रोटेक्ट अदर रेसिडेंट्स. सेक्शन ६ खाली एखाद्याला अडवता येतं ते त्याला स्वतःला इजा होऊ नये म्हणून, आणि तेही इजेच्या शक्यतेच्या आणि गांभीर्याच्या प्रमाणात. दुसऱ्यांना लागण होऊ नये हे कारण कितीही बरोबर वाटलं तरी त्या कलमात बसत नाही. कोविडच्या काळात केअर होम्समध्ये यावर बराच खल झाला होता, आणि तरी नोरोव्हायरस आला की सगळे पुन्हा तेच वाक्य लिहितात.

पर्याय काय होते

पहिला पर्याय मॅनेजरने अर्ध्या वाक्यात सुचवला, की नोट जरा नीट करून घेऊ, कन्फाइन्डच्या जागी एन्करेज्ड टू रिमेन इन रूम, रिस्ट्रेन्डच्या जागी रीडायरेक्टेड. तिचा हेतू वाईट नव्हता, ती मेघनाला वाचवायलाच बघत होती. पण मुलीने मूळ नोट वाचलेली, सिस्टिममध्ये प्रत्येक बदलाचा मागमूस राहतो, आणि एनएमसीच्या, म्हणजे इथे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, कोडमध्ये नोंदी खऱ्या ठेवा, खोटेपणा करू नका हे स्वच्छ लिहिलंय. शब्दाच्या चुकीवरून नोकरीवर गदा येत नाही, नोंद फिरवली तर पिन जाऊ शकतो. मी तिथेच नाही म्हटलं.

दुसरा, नोट तशीच ठेवायची आणि मुलीला तोंडी समजावून सांगायचं. सोपं होतं, पण पुढे कौन्सिलचा माणूस फाइल उघडेल तेव्हा त्याच्यासमोर त्याच चार ओळी असणार, समजावणी तिथे नसणार.

तिसरा, मूळ नोटला हात न लावता तिच्याखाली आजची तारीख आणि वेळ टाकून पुरवणी नोंद करायची, मेघनाची वेगळी आणि केअररची वेगळी, दोघींनी एकमेकींचं न वाचता, आणि त्यात विशेषणं नकोत, फक्त काय झालं ते.

चौथा प्रश्न डोल्सचा होता. आमच्यात एक जण ठामपणे म्हणत होता की अहो डोल्स आहे ना त्यांची, मग अडवलं तर काय बिघडलं? हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आता चीडही येत नाही. ती परवानगी या होममध्ये राहण्यापुरती, ज्या बंधनांचा विचार करून दिली तेवढ्यापुरती. एका खोलीत दोन दिवस हे त्यात कुणी धरलेलं नव्हतं. म्हणजे बंधन वाढलं, आणि बंधन वाढलं की कौन्सिलकडे रिव्ह्यू मागायचा.

कुणीतरी १९८४ चा पब्लिक हेल्थ ॲक्टही काढला, त्यात मॅजिस्ट्रेटकडून माणसाला वेगळं ठेवायचा आदेश मिळू शकतो. पहाटे चारच्या उलट्या-जुलाबांसाठी मॅजिस्ट्रेट! ते तिथेच सोडलं.

काय केलं

पुरवणी नोंदी त्याच दिवशी झाल्या. मेघनाची लिहिताना मी शेजारी बसले होते पण एकही शब्द पुरवला नाही, फक्त प्रत्येक क्रियापदापाशी विचारत होते, कुणी? कशाने? किती वेळ? आणि सगळ्यात शेवटी, त्यांना जायचंच असतं तर जाता आलं असतं का? तिची दुसरी नोंद भाषेच्या दृष्टीने पहिलीपेक्षा साधी झाली, शाळकरी म्हणा हवं तर. ही वॉक्ड टू द डोअर. द केअरर सॅट ऑन अ चेअर इन द डोअरवे. ही ट्राइड टू मूव्ह द चेअर. शी डिड नॉट मूव्ह. ही शाउटेड. नोबडी टच्ड हिम. असं चार ते साडेपाचपर्यंतचं सगळं, वेळेसकट. आणि खाली एक ओळ तिने आपणहून टाकली, की खुर्ची चौकटीत असताना ते बाहेर येऊ शकले नसते. ही ओळ लिहावी की नाही यावर ती बराच वेळ अडली होती. मी म्हटलं, "अगं, खरं आहे ना? मग लिही." केअररची नोंद याच्याशी जवळपास तंतोतंत जुळली, फरक एवढाच की तिने दार लोटल्याची वेळ दहा मिनिटं आधीची दिली.

मग मॅनेजरने सेफगार्डिंग टीमला स्वतःहून फोन केला, सीक्यूसीला, म्हणजे केअर होम्सची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेला, नोटिफिकेशन पाठवलं आणि कौन्सिलच्या डोल्स टीमकडे रिव्ह्यू मागितला. हे मुलीची तक्रार आलेली असतानाही आपल्या बाजूने करायचंच असतं, पण बऱ्याच ठिकाणी तक्रार तिकडे गेलीय ना, मग आपण कशाला, असा विचार करतात.

मुलीबरोबरची बैठक मला सगळ्यात जास्त आठवते. मॅनेजर, मी, मेघना आणि ती. तिने दोनच प्रश्न विचारले, दाराला कुलूप होतं का, आणि कुणी हात लावला का. दोन्हीला मेघनाने नाही सांगितलं, आणि न विचारता पुढचंही सांगितलं, की पण खुर्ची होती, आणि तुमच्या वडिलांनी ती हलवायला बघितली. मॅनेजरचा चेहरा पडला. मुलगी मात्र तिथे शांत झाली. मग म्हणाली की बाबा आयुष्यभर पोस्टमन होते, चारला उठायचे, कोट घालायचे आणि निघायचे. आमच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लिहिलेलं होतं की पोस्ट ऑफिसमध्ये नोकरी. सगळ्यांनी धरून चाललेलं की काउंटरवर असतील. दिवसभर कॉरिडॉरमध्ये एकेका दारापाशी थांबणारा माणूस काय करतोय हे चाळीस जणांच्या स्टाफमध्ये कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

निष्पत्ती

कौन्सिलने २०१४ च्या केअर ॲक्टच्या सेक्शन ४२ खाली पुढची चौकशी नको असं ठरवलं, पण सुधारणांचा आराखडा मागितला. डोल्सकडून बेस्ट इंटरेस्ट्स असेसर, म्हणजे बंधन माणसाच्या हिताचं आहे का ते तपासणारी, येऊन गेली, तिच्या शिफारशीवरून परवानगीला अट जोडली गेली की साथीच्या काळात मिस्टर डींसाठी वेगळा लेखी प्लॅन हवा आणि पहाटे त्यांना फिरायला मिळेल अशी सोय हवी. मग कॉरिडॉरचं मागचं टोक, जिथे सगळे आजारीच रेसिडेंट्स होते, तेवढं दार लावून वेगळं केलं, याला इथे कोहॉर्टिंग म्हणतात, म्हणजे एकट्याला खोलीत ठेवण्याऐवजी लागण झालेल्यांना एकत्र एका भागात ठेवायचं. पुढच्या वेळी साथ आली तेव्हा ते त्या भागात एका केअररबरोबर फेऱ्या मारत होते, जमीन मागाहून क्लोरीनने पुसायची. काम वाढलं, हे खरं.

मेघनावर कारवाई झाली नाही, एनएमसीकडे काही गेलं नाही, सुपरव्हिजन झालं आणि तिने रिफ्लेक्टिव्ह अकाउंट, म्हणजे या प्रकरणातून काय शिकले याचं टिपण, लिहिलं. पण ती भडकलेली होती, आणि तिचं म्हणणं मला अजूनही खोडता येत नाही. "ताई, त्याच आठवड्यात बाकीच्या रात्रींच्या नोट्स बघा. सेटल्ड नाईट. सगळ्यांच्या. आणि खुर्ची रोज रात्री कुणाच्या ना कुणाच्या दारात होती. मी लिहिलं म्हणून मी अडकले."

मी बघितल्या. खरंच होतं. दुसऱ्या दोन नर्सेस, इंग्रजी जन्मापासूनचं, आणि नोटमध्ये स्लेप्ट वेल, नो कन्सर्न्स. तिच्या वाईट इंग्रजीत निदान काहीतरी घडलं होतं हे तरी दिसत होतं. आराखड्यात मी हे लिहिलं, आवडलं नाही कुणाला, पण राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

त्या रात्रीपुरतं बोलायचं तर तिसऱ्या वेळी, त्यांनी खुर्चीला हात लावला त्या क्षणी, निर्णयाची जागा होती. तिथपर्यंत जे चाललं होतं ते समजावणं होतं, तिथून पुढे अडवणं. केअररने तेव्हा बेल दाबून मेघनाला बोलवायला हवं होतं, आणि मेघनाने दोन गोष्टी पडताळायला हव्या होत्या, यांना आत्ता बाहेर सोडलं तर यांचं स्वतःचं काय नुकसान, आणि मास्क-एप्रन घालून कुणी यांच्याबरोबर पाच मिनिटं चालू शकतं का. कदाचित उत्तर नाहीच आलं असतं, स्टाफ कमी होता. पण मग ते कमी स्टाफमुळे अडवलं असं नोंदीत आलं असतं आणि प्रश्न मॅनेजमेंटच्या दारात गेला असता, जिथे तो खरं तर होता. आणि साथ येणार हे दरवर्षी माहीत असतं, चालणारे रेसिडेंट्स कोण हेही माहीत असतं, तर त्यांचा प्लॅन ऑक्टोबरमध्ये मुलांना, मुलींना विचारून करता आला असता. रात्री चारला नव्या नर्सने कायदा आठवावा ही अपेक्षाच चुकीची.

ट्रेनिंगबद्दल माझं मत जरा कडवट आहे. या प्रकरणानंतर ग्रुपने एक तक्ता छापला, डावीकडे हे शब्द लिहू नका, उजवीकडे हे लिहा. कन्फाइन्ड नको, केअर्ड फॉर इन रूम लिहा. व्हीलचेअर-बाऊंड नको, व्हीलचेअर यूजर लिहा, हे दुसरं ठीकच आहे, तो माणूस खुर्चीला बांधलेला नसतो, खुर्चीमुळे उलट हिंडतो. पण रिस्ट्रेन्डपुढे रीडायरेक्टेड? कॉटच्या बाजूच्या दांड्या घ्या. ज्या आजींना स्वतः हलता येत नाही आणि ज्या पडायच्या भीतीने दांडी मागतात तिथे ती सोय आहे, ज्या आजोबांना उठून संडासला जायचंय त्यांच्यासाठी तीच दांडी रिस्ट्रेंट आहे. वस्तू एक, शब्द दोन, आणि कुठला लागू होतो ते तक्ता कसा सांगणार? रात्री ओरडतात म्हणून दिलेली पीआरएन, म्हणजे लागेल तेव्हा द्यायची, लोराझेपामची गुंगी आणणारी गोळी, डुलकी लागली की उठता येणार नाही अशी खोलगट खुर्ची, काठी हाताला लागणार नाही इतकी लांब ठेवणं, यातलं काहीच रिस्ट्रेन्ड या शब्दाने नोटमध्ये येत नाही, आणि सगळं तेच आहे.

सहा महिन्यांनी मी तिथल्या नोट्सचं ऑडिट केलं तेव्हा एन्करेज्ड या शब्दाचं पीक आलेलं होतं. एन्करेज्ड टू स्टे इन रूम, एन्करेज्ड टू सिट, एन्करेज्ड टू गो टू बेड, कुणालाच कधी कुणी अडवलेलं नाही. मॅनेजर खूश. म्हणून मग सिस्टिममध्ये एक रकाना वाढवून घेतला, मला त्यासाठी तीन मीटिंगा खाव्या लागल्या: रेसिडेंटने नकार दिला तेव्हा काय केलं. तो भरल्याशिवाय नोट सेव्ह होत नाही. लोक तिथेही एनए टाकतात, ते दर महिन्याला कुणीतरी बघावंच लागतं.

ते बघायचं काम सध्या मेघनाकडे आहे. ती दिवसाच्या शिफ्टला आली, केरळच्या आणि आपल्याकडच्या नव्या मुली तिच्या हाताखाली आहेत. नव्यांना ती ओरिएंटेशनच्या दिवशी स्वतःची ती चार ओळींची नोट दाखवते, नाव झाकून, आणि त्याखाली नंतरची शाळकरी नोंद. खुर्चीचं मात्र अजून ठरलेलं नाही. चौकटीत बसायचं नाही, दाराच्या बाजूला भिंतीशी बसायचं असा नियम झाला, पण नाईटला दोघीच असल्या की खुर्ची हळूहळू चौकटीत येते, आणि त्याला उपाय रात्रीचा तिसरा माणूस हाच आहे, जो बजेटमध्ये दोनदा मागितलाय.